घोड्याच्या नोंदणीत रंग आणि पांढऱ्या खुणा कशा लिहायच्या

‘कपाळावर चांद, चारही पाय पांढरे.’ नोंदणीच्या अर्जावर एवढंच वर्णन लिहिलेलं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. मालकाला ते पुरेसं वाटतं, कारण त्याला आपला घोडा डोळे मिटूनही दिसत असतो. पण असा कागद कुठल्याही पंचकल्याणी घोड्याला चालून जाईल. नोंदणीतलं वर्णन मालकासाठी नसतं. दहा वर्षांनी तुम्ही तिथे हजर नसाल, आणि ज्याने हा घोडा आयुष्यात कधी पाहिला नाही असा माणूस कागद हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहील. त्याला ‘हाच तो’ किंवा ‘हा तो नव्हे’ असं ठामपणे सांगता आलं पाहिजे.

हडपसर-लोणी काळभोरकडचे तबेले आणि मुळशी-मावळातले फार्म इथल्या घोडेमालकांना हे कागद भरायला मी बरीच वर्षं मदत करतो आहे. त्यातून बसलेली पद्धत इथे क्रमाने मांडतो.

आधी ठरवा : कोणत्या जातीची नोंद, कोणता नियम

पुण्यात घोड्यांच्या साधारण तीन दुनिया आहेत. पहिली रेसकोर्सची, म्हणजे थरोब्रेडची. त्यांची वंशावळ सांभाळणारी स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातच आहे. दुसरी मारवाडी, काठियावाडी आणि सिंधी घोड्यांची. हे घोडे सारंगखेड्याच्या यात्रेतून, अकलूजच्या बाजारातून किंवा थेट राजस्थान-गुजरातेतून येतात. तिसरी दुनिया भीमथडीची. भीमेच्या खोऱ्यातली, मराठी फौजांच्या काळापासूनची ही तट्टं आजही मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर सामान वाहत फिरतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे, ही आपल्या जिल्ह्यासाठी मोठीच गोष्ट आहे.

या सगळ्यांच्या अर्जावर रंग आणि खुणांचे रकाने असतात, पण त्यामागचे नियम दोन वेगवेगळ्या प्रकारचे असतात. एक ओळखीचा नियम : घोडा जसा आहे तसा लिहा. दुसरा जातीच्या मानकाचा नियम : या जातीत हा रंग किंवा एवढं पांढरं चालतं की नाही. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस मानकात बसावा म्हणून वर्णन वाकवतो. तसं झालं की ओळखही जाते आणि विश्वासही.

थरोब्रेडमध्ये रंगावरून कुणाला नाकारत नाहीत. आईबाप नोंदलेले थरोब्रेड असले आणि डीएनए जुळला की झालं. जपानमध्ये १९९६ साली गडद रंगाच्या आईबापांच्या पोटी शिरायुकीहिमे नावाची पूर्ण पांढरी घोडी जन्मली. तिची नोंद पांढरी म्हणूनच झाली. तिची नात सोदाशी हिने २०२० साली हानशिन जुव्हेनाइल फिलीज जिंकली आणि ग्रेड वन शर्यत जिंकणारी ती पहिली पांढरी घोडी ठरली. तेव्हा ‘पांढरा म्हणजे शुद्ध नाही’ हे थरोब्रेडच्या बाबतीत मनातून काढून टाका.

काही जातींत मात्र रंग हीच जातीची खूण असते. सफोक पंच फक्त चेस्टनट, म्हणजे अंग, आयाळ, शेपूट सगळं तांबूस. क्लीव्हलँड बे फक्त बे, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपूट, आणि त्यात कपाळावरच्या अगदी लहान चांदापलीकडे पांढरं चालत नाही. फ्रीजियन काळा, त्यालाही पांढऱ्यात फक्त छोट्या चांदाची मुभा. एक्समूर पोनीवर पांढरी खूण चालतच नाही. तिचं मुस्कट, म्हणजे नाकपुड्या-ओठांचा भाग, आणि डोळ्यांभोवतीचा भाग पिठासारखा फिकट असतो, तो मात्र हवाच.

पांढऱ्याच्या नियमाचं काय होऊ शकतं, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स या जातीची गोष्ट कळायला हवी. त्यांची संघटना १९४० साली स्थापन झाली. घोडा एकरंगी दिसावा म्हणून तिने शरीरावर पांढऱ्याच्या हद्दी आखल्या. चेहऱ्यावर, गुडघ्याच्या आणि हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) वर ठरावीक रेषेपलीकडे पांढरं गेलं की नोंद नाही. पण पांढरं ठरवणारी जनुकं रेषा पाहून थांबत नाहीत. दोन्ही आईबाप नोंदलेले, नियमात बसणारे, आणि शिंगरू मात्र पोटावर मोठा पांढरा डाग घेऊन जन्माला आलं, असं होत राहिलं. अशी शिंगरं बाहेर काढली जात. १९६०च्या दशकात त्यांच्या मालकांनी पेंट हॉर्सची वेगळी संघटना उभी केली, आणि तिथे नेमक्या त्याच पांढऱ्या डागावर नोंद मिळू लागली. अखेर २००४ साली क्वार्टर हॉर्सच्या संघटनेने हा नियम काढून टाकला. आता ठरलेल्या हद्दीपलीकडे पांढरं असेल तर प्रमाणपत्रावर तसा शेरा येतो, पण नोंद नाकारली जात नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे देशी जातींची मानकं अजून घडत आहेत. पांढऱ्याची हद्द आखताना शंभरदा विचार व्हायला हवा.

मारवाडीत बे, चेस्टनट, ग्रे, पालोमिनो (सोनेरी अंग, पांढरी आयाळ), अबलख (पांढरे मोठे डाग असलेला) असे बरेच रंग चालतात. गुलाबी कातडीचा पांढरा नुकरा मात्र त्यांच्या नोंदीत सहसा घेत नाहीत. काठियावाडीत काळा रंग धरत नाहीत. लग्नाच्या वरातीसाठी नुकरा घ्यायला निघालेल्या माणसाला ‘हा मारवाडी आहे, पेपर होतील’ असं कुणी सांगितलं, तर पैसे देण्याआधी त्या जातीची नोंद करणाऱ्या सोसायटीला विचारा.

शुभ-अशुभ हा आणखी वेगळा विषय. पंचकल्याणी भाग्याचा, काळा अपशकुनी, गळ्यावर देवमण नावाचा केसांचा भोवरा असला तर किंमत वाढते, डोळ्याखाली आसूढाळ नावाचा भोवरा असला तर घोडा उभ्या उभ्या परत जातो. हे बाजारात चालतं आणि चालत राहील. आजोबांच्या काळातल्या जाणत्या माणसांना भोवरे तोंडपाठ असत, त्यामुळे त्यांचं निरीक्षण फार बारीक होतं, आणि नोंदणीला ते निरीक्षणच उपयोगी पडतं. पण अशुभ मानला जाणारा भोवरा अर्जातून गाळणं ही फसवणूक आहे. तो भोवरा घोड्यावर राहणारच आणि पुढे कुणीतरी तो पाहणारच.

पायरी पहिली : घोडा धुवा, वाळवा, उजेडात आणा

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. जुलै ते सप्टेंबर पुण्याच्या पावसात पाय चिखलाने माखलेले असतात आणि फेटलॉकच्या, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याच्या, खालचं पांढरं दिसतच नाही. उलट उन्हाळ्यात धुळीमुळे गडद पायही फिकट वाटतात. चारही पाय खुरापर्यंत साध्या पाण्याने धुवा, फडक्याने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. अंगावरून खरारा फिरवा. आयाळीची झुलपं कपाळावरून बाजूला घ्या, कारण अर्धे चांद त्याखालीच लपलेले असतात.

वेळ सकाळची. साडेसात-आठचं ऊन तिरपं असतं, रंग खरा दिसतो. दुपारच्या उन्हात बे घोडा चेस्टनट वाटतो आणि ट्यूबलाइटखाली चेस्टनट तपकिरी. जमीन सपाट, सिमेंटची असेल तर उत्तम. गवतात खुरं बुडतात. मोतद्दाराला घोड्याच्या समोर न उभं करता थोडं बाजूला उभं करा. एक माणूस पाहणारा, एक लिहिणारा असावा. एकट्याने करायला गेलात तर डावं-उजवं नक्की चुकतं.

डावं-उजवं म्हणजे नेहमी घोड्याचं डावं-उजवं. समोर उभं राहिलं की आपलं उलटं होतं, म्हणून घोड्याच्या शेपटीकडे उभे आहात अशी कल्पना करून बोला. जुन्या कागदांवर ‘नियर’ आणि ‘ऑफ’ असे शब्द दिसतील. नियर म्हणजे डावी बाजू, जिथून आपण घोड्यावर चढतो. ऑफ म्हणजे उजवी.

पायरी दुसरी : मूळ रंग

रंग ठरवताना अंगाकडे शेवटी पाहा. आधी आयाळ, शेपूट, कानांच्या कडा आणि गुडघ्याखालचे पाय पाहा. हे सगळं काळं आणि अंग तांबूस असेल तर तो बे, आपल्या जुन्या भाषेत कुमाईत. अंग तांबूस, आणि आयाळ-शेपूटही तांबूस किंवा त्याहून फिकट, काळा केस कुठेच नाही, तर तो चेस्टनट, म्हणजे सुरंग. गडद लिव्हर चेस्टनट लांबून चक्क काळा वाटतो, पण पायाचे केस जवळून पाहिले की तांबूस झाक सापडते.

बे, ब्राउन आणि काळा यांत घोटाळा झाला तर मुस्कटावरचे आणि पापण्यांचे बारीक केस पाहा. तिथे तपकिरी झाक असेल तर घोडा काळा नाही. इकडच्या उन्हात काळ्या घोड्याचा रंग विटून गंजल्यासारखा होतो, म्हणून उन्हाळ्यात काखेतला किंवा आयाळीखालचा, ऊन न लागलेला केस हा पुरावा माना.

ग्रे हा रंग सगळ्यात फसवा. पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्याची कातडी मुस्कटावर, डोळ्यांभोवती आणि शेपटीखाली काळी असेल तर तो ग्रे आहे. जन्मला तेव्हा तो काळा, बे किंवा चेस्टनट असणार आणि वयाबरोबर पांढरा होत गेला असणार. खंडोबाचा निळा घोडा म्हणतात तो याच वाटेवरचा लोखंडी ग्रे. कातडी गुलाबी असेल तर तो ग्रे नाही. नुकरा, क्रीम किंवा जन्मजात पांढरा यांपैकी काहीतरी आहे. म्हणजे एकाच पांढऱ्या अंगाचे अर्जावर दोन पूर्ण वेगळे रंग होतात, आणि निवाडा केसांवर होत नाही, कातडीवर होतो. ग्रे घोड्यांच्या मालकांना आणखी एक सांगतो. पंधरा वर्षांपुढच्या ग्रे घोड्यांपैकी बहुतेकांना शेपटीखाली किंवा कानाखाली, जबड्याच्या मागे मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या, गाठी येतात. खुणा लिहिताना तिथे हात फिरवून पाहायला काही खर्च येत नाही.

रोनमध्ये अंगावर पांढरे केस मिसळलेले असतात, पण डोकं आणि पाय गडद राहतात, आणि वयाबरोबर तो पांढरा होत जात नाही. ग्रेमध्ये डोकं सगळ्यांत आधी उजळतं. अबलखात काळं-पांढरं असेल तर पायबॉल्ड, दुसऱ्या कुठल्याही रंगाबरोबर पांढरं असेल तर स्क्यूबॉल्ड.

शिंगराचा रंग लिहिण्याची घाई

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती मला महागात पडली. मुळशीकडच्या एका फार्मवर तीन महिन्यांच्या घोडीचा रंग मी ‘चेस्टनट’ लिहिला. आई ग्रे होती, हे माहीत असूनही मी तिच्या शिंगराच्या पापण्या पाहिल्या नाहीत. दोन वर्षांत ती घोडी करडी झाली. विक्रीच्या वेळी कागद एक बोलत होता आणि घोडी दुसरं. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा केसांचा नमुना, पुन्हा डीएनए. मालकाचे सहा महिने गेले आणि गिऱ्हाईकही गेलं.

तेव्हापासून माझा नियम असा. आई किंवा बाप ग्रे असेल तर शिंगराच्या पापण्यांवर, डोळ्यांभोवती आणि कानांच्या मुळाशी पांढरे केस शोधायचे. चष्मा लावल्यासारखं कडं दिसलं तर ते ग्रे होणार. ग्रे होणारं शिंगरू जन्मताना बहुधा नेहमीच्या शिंगरापेक्षा गडद, मोठ्या घोड्यासारख्या रंगाचं असतं, हीही खूण उपयोगी आहे.

दुसरी फसवणूक पायांची. बे शिंगराचे पाय जन्मताना दुधाळ, फिकट असतात. ते पांढरे नव्हेत. पहिली लव झडली की खालून काळे केस येतात. खरं पांढरं असेल तर त्याखालची कातडी गुलाबी असते. पाय ओला करून केस फाकवा, उत्तर तिथेच मिळतं. तरीही नोंद आईजवळ असतानाच करायची. दूध तोडल्यावर ‘हे शिंगरू याच घोडीचं’ असं डोळ्यांनी सांगणारा पुरावा उरत नाही.

पायरी तिसरी : आईबापांच्या रंगाशी पडताळा

डीएनए चाचणी होणारच आहे, पण त्याआधी हा हिशेब पाच मिनिटांत होतो आणि मोठ्या चुका पकडतो. दोन चेस्टनट घोड्यांना चेस्टनट हाच मूळ रंग असलेलं शिंगरू होतं. अशा जोडीच्या नावावर बे किंवा काळं शिंगरू दाखवलं असेल, तर रंग तरी चुकला आहे किंवा बाप तरी. ग्रे शिंगराचा एक तरी पालक ग्रे असलाच पाहिजे. ग्रे एखादी पिढी वगळून येत नाही.

उलट दोन बे घोड्यांना चेस्टनट शिंगरू होणं अगदी साधी गोष्ट आहे. दोघांकडे लपलेलं चेस्टनटचं जनुक एकत्र आलं की झालं. यावरून फार्मवर संशय, भांडणं, मोतद्दाराला काढून टाकणं असे प्रकार मी पाहिले आहेत. विनाकारण कुणावर आळ घेऊ नका.

पांढऱ्या ठिपक्यांच्या बाबतीत पैदास करणाऱ्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. फ्रेम ओव्हेरो नावाचा जो नमुना आहे, त्याचं जनुक आई आणि बाप दोघांकडे असेल तर चारांत एक शिंगरू पूर्ण पांढरं, आतड्याच्या जन्मजात दोषासह जन्मतं आणि काही दिवसांतच जातं. ते वाचत नाही. परदेशी रक्ताच्या ठिपकेदार घोड्यांची जोडी लावण्याआधी ही चाचणी करा.

पायरी चौथी : चेहरा

पांढऱ्या खुणा येतात कशा, हे कळलं की त्या नीट पाहता येतात. गर्भात रंगपेशी पाठीच्या रेषेकडून निघतात आणि सगळ्या अंगावर पसरतात. कपाळ, नाक, पाय, पोट ही त्यांच्या प्रवासाची शेवटची टोकं. जिथे त्या पोहोचल्या नाहीत तिथे कातडी गुलाबी आणि केस पांढरे. त्या किती दूर जातील हे जनुकं ठरवतात, पण थोडा भाग योगायोगाचाही असतो. एकाच घोड्याच्या पेशीतून तयार केलेल्या क्लोन घोड्यांच्याही पांढऱ्या खुणा तंतोतंत सारख्या नसतात. म्हणूनच पांढरी खूण ही ओळख म्हणून इतकी भरवशाची.

कपाळावरची खूण स्टार, म्हणजे आपला चांद. नाकाच्या हाडावरून उतरणारी अरुंद पट्टी स्ट्राइप. दोन्ही डोळ्यांमधलं जवळजवळ सगळं कपाळ आणि नाकाच्या हाडाची रुंदी व्यापून खाली जाणारा पट्टा ब्लेझ. नाकपुड्यांमधला ठिपका स्निप. पांढरं डोळ्यांच्या बाहेर, तोंडाच्या कोपऱ्याकडे पसरलं तर व्हाइट फेस. नाव लिहून थांबू नका. चांद डोळ्यांच्या वरच्या रेषेच्या वर आहे की खाली, मधोमध आहे की एका बाजूला, गोल की वेडावाकडा, स्ट्राइपला जोडलेला की तुटक, स्निप कोणत्या नाकपुडीत शिरतो, हे सगळं लिहा. खुणेच्या कडेला पांढरे आणि रंगीत केस मिसळले असतील तर ‘मिश्र कड’ म्हणा. मुस्कटावर केसांशिवाय नुसती गुलाबी कातडी असेल तर ती मांसखूण, वेगळी नोंदवा. वरचा ओठ आणि खालचा ओठ वेगवेगळे पाहा. खालचा ओठ पाहायला सगळेच विसरतात. डोळा काचेसारखा निळा असेल तर कोणता, तेही.

मी चेहऱ्याचं वर्णन असं लिहितो : ‘डोळ्यांच्या वरच्या रेषेवर मधोमध वेडावाकडा चांद, त्याचं खालचं टोक डावीकडे वळलेलं, त्याला न जोडलेली अरुंद स्ट्राइप नाकाच्या हाडाच्या मध्यापासून सुरू, नाकपुड्यांच्या वर संपते, उजव्या नाकपुडीत शिरणारा स्निप, खालच्या ओठावर मधोमध मांसखूण.’ हे वाचून दुसरा माणूस घोडा न पाहता चित्र काढू शकतो का, हीच कसोटी.

पायरी पाचवी : पाय

‘मोजा’ किंवा ‘सॉक’ हे शब्द बोलण्यात ठीक, अर्जावर नकोत. एकाचा सॉक दुसऱ्याचं स्टॉकिंग असतं. पांढरं शरीराच्या कोणत्या भागापर्यंत चढलं आहे ते लिहा : खुराच्या लगतची कड म्हणजे कोरोनेट, तिच्यावरचा आखूड तिरका भाग पास्टर्न, त्यावरचा सांधा फेटलॉक, मग नळी, मग पुढच्या पायाला गुडघा आणि मागच्याला हॉक. ‘पांढरं, नळीच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत, मागच्या बाजूने टोकदार वर चढलेलं’ असं. पांढरं बहुधा पुढून आणि मागून सारख्या उंचीचं नसतं, म्हणून प्रत्येक पायाभोवती पूर्ण फेरी मारा.

क्रम कायम एकच : डावा पुढचा, उजवा पुढचा, डावा मागचा, उजवा मागचा. ज्या पायावर काहीच नाही तिथे रकाना रिकामा ठेवू नका, ‘पांढरं नाही’ असं लिहा. रिकामी जागा उद्या कुणीही भरू शकतो.

पांढऱ्यात कोरोनेटवर काळे ठिपके असतील तर ते मोजून लिहा. त्या ठिपक्यांखाली खुरावर बहुधा गडद पट्टा उतरलेला दिसतो. खुराचा रंगही नोंदवा.

पायरी सहावी : भोवरे आणि बाकीच्या खुणा

एकरंगी बे घोड्यावर पांढरं काहीच नसेल तेव्हा भोवरे हीच त्याची सही. कपाळावर, मानेच्या दोन्ही बाजूंना आयाळीजवळ, गळ्याखाली, छातीवर, कुशीत असे शोधा. कपाळावर एक की दोन, डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मानेवर आयाळीपासून किती अंतरावर, मागे पिसासारखी रेघ ओढलेली आहे का, हे टिपा. भोवरे वयाने बदलत नाहीत आणि ग्रे घोडा पांढरा झाला तरी राहतात, म्हणून ग्रे शिंगराचे भोवरे दुप्पट काळजीने लिहा. त्याचा ब्लेझ दहा वर्षांनी नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. तेव्हा अंग ओलं करून गुलाबी कातडीची कड शोधावी लागेल.

मानेत किंवा खांद्यात अंगठा दाबल्यासारखा जन्मजात खड्डा काही घोड्यांना असतो. तोही कायमची खूण.

जन्मानंतर आलेलं पांढरं वेगळ्या रकान्यात लिहा. पाठीवर जिनाने घासून आलेले पांढरे ठिपके, दोरखंडाच्या जखमा, शस्त्रक्रियेचे व्रण, डागल्याच्या खुणा. त्यांच्याखाली कातडी बहुतेकदा गडदच राहिलेली असते, यावरून ते जन्मजात नाहीत हे कळतं.

पायरी सातवी : आकृती आणि फोटो

अर्जावर घोड्याच्या बाह्यरेषा छापलेल्या असतात : डावी बाजू, उजवी बाजू, समोरून डोकं, पुढचे आणि मागचे पाय मागून, मुस्कट आणि मान खालून. पांढऱ्या खुणा लाल बॉलपेनने, कड काढून आत तिरप्या रेघा. मांसखूण लाल रंगाने पूर्ण भरलेली. भोवरे काळ्या पेनने फुलीने, खड्डा छोट्या त्रिकोणाने, व्रण बाणाने. शाईपेन नको, घामाच्या हाताने पुसतं. आधी वर्णन लिहा, मग आकृती काढा, आणि शेवटी आकृती हातात धरून घोड्याभोवती पुन्हा एक फेरी मारा. वर्णनात तीन पाय पांढरे आणि आकृतीत चार, अशा चुकांमुळे सगळ्यात जास्त अर्ज परत येतात.

फोटोसाठी मोबाइल घोड्याच्या छातीच्या उंचीवर धरा, दूर उभे राहा, चारही पाय सुटे दिसू द्या. फिल्टर, ब्युटी मोड बंद. लगाम आणि म्होरकी यांनी चेहऱ्याची खूण झाकली जात नाही ना ते पाहा. सजावटीची कंठी, घुंगरं, मेंदी यातलं काहीही नको.

विकत घेताना : रंगवलेला घोडा

बाजारात नको असलेला पांढरा डाग मेंदीने किंवा केसांच्या रंगाने झाकतात, आणि नसलेला चांद ब्लीचने पाडतात. ओला पांढरा रुमाल जोरात घासा, रंग उतरतो का पाहा. उतरला नाही तरी केस फाकवून मुळाशी पाहा. केस गडद आणि खालची कातडी गुलाबी, तर शंका घ्या. केस पांढरे, कातडी गडद, आणि व्रणाचा उंचसखलपणा नाही, तरीही शंका घ्या. सोबत जुना कागद असेल तर व्यवहाराआधी मायक्रोचिप स्कॅन करून घ्या आणि भोवरे कागदाशी जुळवा. भोवरा रंगवता येत नाही.

पायरी आठवी : चिप, केस, सही

चिप घालण्याआधी पशुवैद्याने मान पूर्ण स्कॅन करावी, आधीची चिप असू शकते. नवी चिप मानेच्या डाव्या बाजूला, डोक्याचा माथा आणि वांसोळी (मानेमागचा, खांद्यांवरचा उंचवटा) यांच्या मधोमध, आयाळीच्या जरा खाली घालतात. क्रमांक पंधरा आकडी असतो. घातल्यावर पुन्हा स्कॅन करा आणि आकडे मोठ्याने वाचून लिहा. स्टिकर अर्जावरच चिकटवा, खिशात ठेवू नका.

डीएनएसाठी आयाळीचे तीसेक केस मुळासकट उपटायचे. कापलेले चालत नाहीत, कारण डीएनए मुळात असतो. केस कोरडे हवेत. पावसाळ्यात कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. आई आणि शिंगरू यांचे नमुने घेताना मध्ये हात धुवा आणि पाकिटावर नाव आधी लिहा, केस नंतर टाका.

सही करणारा पशुवैद्य घोडा प्रत्यक्ष पाहणाराच असावा. फोटो पाठवून सही मागू नका. मुदत आणि शुल्क प्रत्येक संस्थेच्या अर्जावर छापलेलं असतं. शिंगरू जन्मलं त्याच आठवड्यात अर्ज हातात घ्या म्हणजे धावपळ होत नाही.

कागद आल्यावर

प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट हाती आला की कपाटात ठेवण्याआधी तो घेऊन घोड्याकडे जा. नाव, जन्मतारीख, चिपचे पंधरा आकडे, रंग, चेहरा, चार पाय, भोवरे, याच क्रमाने एकेक ओळ वाचत जुळवा. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा, स्वतः पेनने दुरुस्त करू नका. खाडाखोड झालेला पासपोर्ट रद्द ठरू शकतो. ग्रे घोड्याचे फोटो दरवर्षी, शक्यतो वाढदिवसाला, त्याच जागी आणि त्याच कोनातून काढून ठेवा. आपल्याकडे थरोब्रेडचा वाढदिवस तसाही सगळ्यांचा १ जानेवारीला धरतात. भीमथडी पाळणाऱ्या मेंढपाळ भावांना माझी विशेष विनंती आहे. तुमच्या तट्टाचा अजून कुठलाही कागद झाला नसला तरी डावी बाजू, उजवी बाजू, चेहरा, चारही पाय असे फोटो आणि त्याच्या आईचं नाव लिहून ठेवा. वाड्यावर कुणाकडे तरी मोबाइल असतोच. नोंदणीवाले येतील तेव्हा त्यांना दाखवायला तेच लागेल.